कुत्र्यांच्या होस्टेलमधला एक दिवस : पाहायला आणि नोंदवायला शिकवणारा पाठ



मार्च संपत आला की वर्गात परीक्षेइतकीच सुट्टीची चर्चा असते. कोणी मामाच्या गावाला जाणार, कोणी कोकणात, कोणी जत्रेला. ज्या घरात कुत्रा आहे तिथे लगेच पुढचा प्रश्न येतो : "मग त्याला कुठे ठेवायचं?" शहरांच्या बाहेर, शेतांच्या मधोमध, अशा कुत्र्यांना ठेवून घेणाऱ्या जागा आता दिसू लागल्या आहेत. पाटीवर 'डॉग बोर्डिंग' किंवा 'केनेल' असं लिहिलेलं असतं, गावातले लोक सरळ 'कुत्र्यांचं होस्टेल' म्हणतात. आजचा पाठ या होस्टेलवर आहे.

इयत्ता : ५ वी ते ८ वी
विषय : परिसर अभ्यास, सामान्य विज्ञान, भाषा, गणित
वेळ : दोन तासिका

पाठाचा गाभा आधीच सांगतो. कुत्र्याला बोलता येत नाही. डोकं दुखतंय, पोट बिघडलंय, घरची आठवण येतेय, यातलं काहीच तो सांगू शकत नाही. त्यामुळे त्याला सांभाळणाऱ्याला बघावं लागतं, आणि बघितलेलं लिहून ठेवावं लागतं. विज्ञानात आपण 'निरीक्षण' हा शब्द पहिल्यापासून वापरतो, पण निरीक्षण चुकलं तर काय होतं हे मुलांना क्वचितच दिसतं. इथे ते दिसतं.

पाठासाठी आपण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका गावाबाहेरचं, चौदा कुत्र्यांचं होस्टेल डोळ्यांसमोर आणू. कुत्र्यांची नावं पाठापुरती घेतली आहेत, कामं मात्र खरी आहेत. देखभाल करणाऱ्यांना, शाळेत म्हणतो तसं, 'मामा' म्हणू.

वसंतच का?

फाल्गुन-चैत्रात पळस, पांगारा फुलतात, आंब्याला मोहोर असतो, कोकिळा ओरडत असते. आपल्याला हा ऋतू छान वाटतो. कुत्र्यांच्या होस्टेलमध्ये मात्र वर्षातला हा काळजीचा काळ. कारणं मुलांकडूनच काढून घ्या. फळ्यावर साधारण अशी यादी तयार होते :

१. ऊन. माणसाला अंगभर घाम येतो. कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंजांच्या तळव्यांना, आणि तोही थोडा. अंग थंड करण्याचा त्याचा मुख्य मार्ग म्हणजे जीभ बाहेर काढून धापा टाकणं. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना हेही नीट जमत नाही, म्हणून त्यांना उन्हाचा त्रास सगळ्यांत आधी होतो.

२. केस गळणं. दिवस मोठा होऊ लागला की लॅब्रेडोर, जर्मन शेफर्ड, हस्की अशा दाट केसांच्या कुत्र्यांचे आतले मऊ केस झडतात. रोज ब्रश फिरवला तर घमेलंभर केस निघतात. "गरम होतंय" म्हणून अशा कुत्र्याचा चकोट करू नये. वरचे केस उन्हापासून कातडीचं रक्षणही करत असतात.

३. गोचीड. उष्णता वाढली की गोचिड्याही वाढतात. मादी कुत्र्याचं रक्त पिऊन टम्म फुगते, खाली उतरते आणि भिंतीच्या भेगेत, फरशीच्या फटीत हजारो अंडी घालते. त्यामुळे नुसत्या कुत्र्याला औषध लावून भागत नाही. भेगा बुजवाव्या लागतात.

४. कुसळं. माळावरचं गवत वाळलं की त्याची टोकदार कुसळं पायाच्या बोटांत, कानात, नाकात शिरतात. ती बाणासारखी फक्त पुढे सरकतात, मागे येत नाहीत. कुत्रा सारखा एकच पंजा चाटत असेल तर बोटांच्या मध्ये बघायचं.

५. सण आणि जत्रा. धुळवडीचा रंग अंगावर पडला की कुत्रा तो चाटून साफ करतो, म्हणजे रंग पोटात जातो. चैत्रात गावोगावच्या जत्रा असतात. ढोल वाजतात, शोभेची दारू उडते. आपण म्हणतो गावाकडे शांत असतं, पण जत्रेच्या रात्री शहरातून आलेला कुत्रा खाटेखाली जाऊन थरथरत बसतो.

सकाळ

पहाटे साडेपाचला दिवस सुरू होतो. मामा आधी खराटा हातात घेत नाहीत. ते प्रत्येक खोलीपुढे थांबतात आणि बघतात : कुत्रा उठून आला का, की कोपऱ्यातच आहे? रात्री उलटी झाली का? शी कशी आहे, घट्ट की पातळ? त्यात रक्त आहे का? मुलं इथे हसतात. हसू द्यावं. मग विचारावं, "बाळ आजारी असलं की डॉक्टर आईला पहिला प्रश्न काय विचारतात?" वर्ग शांत होतो.

बघून झालं की मग झाडलोट. जागा धुऊन टाकली की आधी घडलेलं सगळं पुसलं जातं, म्हणून बघणं पहिलं आणि धुणं नंतर. हा क्रम मुलांना आवर्जून सांगा. प्रयोगशाळेतही हाच नियम आहे.

धुण्यातही शास्त्र आहे. लहान पिल्लांना मारणारा पार्वो नावाचा विषाणू फरशीवर, मातीत कित्येक महिने टिकतो. साध्या फिनेलने तो मरत नाही. त्यासाठी घरगुती ब्लीच वापरतात, ३० भाग पाण्याला १ भाग. आधी घाण काढायची, मग हे पाणी टाकून दहा मिनिटं थांबायचं, मग स्वच्छ धुवायचं. ब्लीच आणि अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नये, त्यातून विषारी वायू निघतो. हे घरीही उपयोगी पडेल.

ऊन चढण्याआधी, साडेसहा ते आठ, फिरणं. सगळ्यांना एकदम सोडत नाहीत. ज्यांचं एकमेकांशी जमतं त्यांचे दोन-तीनचे गट करतात. फिरून आल्यावर पंजे, कान, पोटाखालची बाजू तपासायची आणि अर्ध्या तासाने खाणं.

भांड्यांचा आवाज झाला की चौदाही कुत्री उभी राहतात, लाळ गळू लागते. इथे रशियन शास्त्रज्ञ इव्हान पाव्हलोव्ह यांची ओळख करून द्यावी. पचनक्रियेवरच्या संशोधनासाठी त्यांना १९०४ साली नोबेल मिळालं. अन्न दिसण्याआधीच, नुसत्या ठरावीक खुणेनेही कुत्र्याला लाळ सुटते, हे त्यांनी दाखवून दिलं. आणि शाळेची मधल्या सुट्टीची घंटा झाली की आपल्याला काय होतं, हेही मुलांना विचारा.

नोंद आणि मत

हा पाठाचा सर्वांत महत्त्वाचा भाग. प्रत्येक कुत्र्याच्या नावाचं एक पान वहीत असतं. आता ही दोन वाक्यं फळ्यावर लिहा :

"ब्रुनो उदास आहे."

"ब्रुनो दारापाशी बसून होता. २०० ग्रॅमपैकी ५० ग्रॅम खाल्लं. पाणी प्यायला. हाक मारल्यावर शेपूट हलवली, उठला नाही."

पहिलं वाक्य मत आहे, दुसरी नोंद. मत चुकीचंच असतं असं नाही, पण ते तपासता येत नाही. उद्या दुसरा माणूस कामावर आला तर त्याला 'उदास' या शब्दावरून काहीच करता येणार नाही. ५० ग्रॅमवरून मात्र येईल.

आता दोन कुत्र्यांची तीन दिवसांची नोंद द्या. दोघांनाही रोज सकाळी २०० ग्रॅम खाणं मिळतं.

ब्रुनो : पहिला दिवस ५० ग्रॅम, दुसरा १२० ग्रॅम, तिसरा २०० ग्रॅम. दिवसभर दाराकडे तोंड करून बसतो. रात्री रडतो.

राणी : पहिला दिवस २०० ग्रॅम, दुसरा १५० ग्रॅम, तिसरा ४० ग्रॅम. सगळ्यांकडे शेपूट हलवत जाते. रडत नाही.

प्रश्न एकच : डॉक्टरांना कोणासाठी फोन करायचा?

बहुतेक मुलं "ब्रुनो" म्हणतील, कारण त्याचं दुःख डोळ्यांना दिसतं. मग आकडे बघायला सांगा. ब्रुनो घर सोडून आला आहे. नव्या जागी पहिले एक-दोन दिवस कमी खाणं हे बऱ्याच कुत्र्यांच्या बाबतीत होतं. त्याचे आकडे चढताहेत, म्हणजे तो रुळतोय. राणीचे आकडे उतरताहेत. शेपूट हलतेय म्हणून ती बरी आहे असं वाटतं, पण वही वेगळं सांगते.

पुढे गोष्ट अशी नेता येईल. मामा राणीचा ताप बघतात. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं, म्हणजे आपल्यापेक्षा जास्त. राणीचं १०४ आहे. हिरड्या फिकट दिसतात. कानामागे केसांत फुगलेली गोचीड सापडते. पशुवैद्य येतात, रक्त तपासायला घेतात. गोचिडीमुळे होणारा ताप वेळेत ओळखला तर औषधाने बरा होतो. उशीर झाला तर जीवावर बेततो. तीन दिवसांच्या तीन आकड्यांवर इथे एक जीव अवलंबून आहे.

आणखी एक गोष्ट. गोचीड चावल्यापासून ताप यायला सहसा आठवडा-दोन आठवडे जातात. राणी येऊन तीनच दिवस झाले. मग लागण कुठे झाली असेल? मुलांना तारखा मोजू द्या.

शिक्षक मित्रहो, इथे आपण आपल्याकडेही पाहू या. प्रगतिपुस्तकात आपण सहज लिहितो, "वर्गात लक्ष नसते." हे मत झालं. "फळ्यावरून उतरवताना ओळी सुटतात, तोंडी उत्तरं बरोबर देतो" ही नोंद. पहिलं वाक्य वाचून पालक मुलाला रागावतील. दुसरं वाचून कदाचित डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेतील. जे मूल रडतं, भांडतं, त्याच्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं. हसत-खेळत हळूहळू मागे पडणारं मूल राणीसारखं नजरेतून निसटतं.

दुपार

अकरा ते चार बाहेर काढणं बंद. जमीन किती तापली आहे हे बघायची सोपी रीत आहे : तळहाताची मागची बाजू सात सेकंद जमिनीला टेकवून ठेवायची. आपल्याला सहन होत नसेल तर पंजालाही होणार नाही. पत्र्याच्या छपरावर गवताचा थर किंवा हिरवी जाळी, खिडकीला ओलं गोणपाट, आणि प्रत्येक खोलीत जड भांड्यात पाणी. हलकं भांडं कुत्रा उलटं करतो आणि दुपारभर तहानेला राहतो.

याच वेळी मामा श्वास मोजतात. झोपलेल्या कुत्र्याची छाती १५ सेकंदांत किती वेळा वर येते ते मोजायचं आणि ४ ने गुणायचं. शांत झोपलेल्या निरोगी कुत्र्याचे श्वास मिनिटाला साधारण ३० च्या आत असतात. सावलीतही धाप थांबत नाही, लाळ घट्ट झाली, पाय लटपटू लागले, तर तो उष्माघात असू शकतो. सावलीत न्यायचं, अंगावर साधं पाणी ओतायचं, पंख्याखाली ठेवायचं आणि लगेच डॉक्टर गाठायचा.

संध्याकाळ आणि रात्र

संध्याकाळी पुन्हा फिरणं, ब्रश, खाणं. घरच्या डब्यातलं काय देऊ नये याचा तक्ता भिंतीवर असतो : कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट. होळीच्या पुरणपोळीचा तुकडा प्रेमाने दिला जातो, पण इतकं गोड त्याच्या पोटाला झेपत नाही.

अंधार पडायच्या आत सगळी कुत्री पक्क्या खोलीत. गावाकडच्या होस्टेलमध्ये हा नियम मोडता येत नाही, कारण बिबट्या. अकोले परिसरात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्याच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला. ऊस तोडला की बिबट्याचा आडोसा जातो आणि तो वस्तीजवळ जास्त दिसतो. म्हणून नुसतं तारेचं कुंपण पुरत नाही. वर छप्पर आणि दाराला कडी हवीच.

नव्या कुत्र्याजवळ घरच्या माणसाचा न धुतलेला सदरा किंवा जुनी चादर ठेवतात. कुत्र्याचं जग वासाचं असतं. आपण फोटो बघतो, तो वास घेतो.

पालकांसाठी : ठेवण्यापूर्वी

चांगलं होस्टेल आधी तुम्हालाच प्रश्न विचारतं. रेबीजची आणि इतर लसींची नोंद कुठे आहे? शेवटची गोचिडीची औषधं कधी दिली? खोकला आहे का? एकत्र ठेवलेल्या कुत्र्यांत घशात हाड अडकल्यासारखा खोकला झपाट्याने पसरतो. त्याचं नावच 'केनेल कफ'. प्रवासाची तिकिटं काढलेली असतात, म्हणून काही जण खोकला लपवतात. एकाने लपवलं की चौदा घरांना भोगावं लागतं. कुत्रा चावरा असेल तर तेही सांगा. ते सांगितल्याने तुमचा कुत्रा वाईट ठरत नाही, त्याला हाताळणाऱ्याचा हात मात्र वाचतो.

तुम्हीही विचारा : रात्री इथे कोण झोपतं? पशुवैद्य किती अंतरावर आहे? रोजची नोंद ठेवता का, आणि मला दाखवाल का? ज्या जागी खोल्या बघू देत नाहीत, तिथे कुत्रा ठेवू नये. शक्य असेल तर मोठ्या सुट्टीआधी एक रात्र ठेवून बघावं. आणि ठेवायला जाताना मुलाला बरोबर न्या. "आपण रविवारी परत येणार" हे त्याने कुत्र्याला सांगितलं तर कुत्र्याला कळणार नाही. मुलाला मात्र कळतं की शब्द दिलाय.

सुरक्षिततेचा धडा

"भुंकणारा कुत्रा चावत नाही" ही म्हण आपण शिकवतो. ती माणसांविषयी आहे हे स्पष्ट सांगा. खरा भुंकणारा कुत्रा चावू शकतो. हलणारी शेपूटही दर वेळी मैत्रीची नसते. अंग ताठ, नजर रोखलेली, ओठ चाटणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं या 'लांब राहा' अशा खुणा आहेत. कुत्रा अंगावर आला तर पळू नये. झाडासारखं स्थिर उभं राहावं, हात अंगाशी, नजर खाली. खाणाऱ्या, झोपलेल्या आणि पिल्लांजवळच्या कुत्र्याला हात लावू नये.

चावला किंवा ओरखडलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. तिखट, चुना, हळद काही लावायचं नाही. पिल्लू होतं, घरचाच कुत्रा होता, लस दिलेला होता, तरी डॉक्टरांना दाखवायचंच. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की वाचणं जवळजवळ अशक्य असतं, पण वेळेवर लस घेतली तर तो टळतो. लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर या ९ वर्षांच्या मुलाला ती पहिल्यांदा दिली आणि तो वाचला. पाश्चर यांचा स्मृतिदिन, २८ सप्टेंबर, जागतिक रेबीज दिन म्हणून पाळतात. चावलेल्या पाळीव कुत्र्यावर १० दिवस लक्ष ठेवतात, पण त्यासाठी लस थांबवायची नसते. आणि मुलांना एक खात्री द्या : "चावला हे घरी सांगितलं तर कोणी रागावणार नाही." मार बसेल या भीतीने मुलं ओरखडा लपवतात, आणि तिथेच खरा धोका असतो.

वर्गात घेण्यासाठी

१. गणित : कुत्र्याला रोज वजनाच्या दर किलोमागे साधारण ६० मिलिलिटर पाणी लागतं. चौदा कुत्र्यांचं एकूण वजन २६० किलो असेल तर किती लिटर पाणी लागेल? उन्हामुळे गरज दुप्पट झाली तर? (उत्तर : १५.६ लिटर, ३१.२ लिटर.) १५ लिटर पाण्यात ब्लीच किती? (५०० मिलिलिटर.)

२. भाषा : पुढील मतांच्या नोंदी करा : "मांजर रागावली आहे." "आजी थकली आहे." "आज वर्गात फार गोंधळ होता."

३. निरीक्षण : घरातला, गोठ्यातला किंवा अंगणातला एक प्राणी किंवा पक्षी निवडा. त्याला हात न लावता सात दिवस, रोज एकाच वेळी, दहा मिनिटं बघा. फक्त दिसलं आणि ऐकलं तेवढंच लिहा. आठव्या दिवशी वही वाचून एक निष्कर्ष काढा.

४. चर्चा : जीवमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणं हे आपल्या राज्यघटनेतलं एक मूलभूत कर्तव्य आहे. नुसतं लाड करणं म्हणजे दया का? उन्हात पाण्याचं भांडं भरून ठेवणं आणि तीन दिवसांचे आकडे लिहिणं यात दया कुठे आहे?

शब्दसंपत्ती : निरीक्षण, नोंद, निष्कर्ष, विषाणू, लसीकरण, गोचीड, कुसळ, गोणपाट, उष्माघात.

तिसरा उपक्रम सुट्टीतही देता येईल. सुट्टी संपल्यावर वह्या तपासताना शुद्धलेखनाच्या चुकांवर लाल शाई फार खर्च करू नका. "चिमणी आनंदी होती" असं जिथे लिहिलं असेल तिथे शेजारी एवढंच लिहा : "तुला काय दिसलं?" मूल पुन्हा जाऊन बघेल.